वेरिंगार एक की दोन

वरवट बकाल,
ता. १२ फेब्रुवारी १९६४

चि. शालिग्राम यास इंद्रभानचे अनेक आशीर्वाद.

इकडे माझं ठीक चाललं आहे, तिकडे तुम्हा सगळ्यांचं ठीक असणार असं धरून चालतो. तुझं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. सिंधूचं लग्न जमलं हे वाचून फार आनंद झाला. दुसरबीडचं घर, स्वतःचा मळा, मुलगा ग्रामसेवक, आणि मुख्य म्हणजे तिची मास्तरकी ते सोडायला लावणार नाहीत. आणखी काय पाहिजे? नारायणराव बोलायला कडक वाटतात असं तू लिहितोस. व्याही कडकच बरा. गुळमुळीत व्याही पुढे फार छळतो.

तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे येतो.

इथलं पाणी खारं ते खारंच. यंदा विहीर खोल केली तर आणखी खारं लागलं. तुझी मेहकरच्या बाजारात पाठवलेली वांगी कशी गेली? माझी खालची दाढ काढावी लागली. शाळेत परीक्षा जवळ आल्या आहेत आणि पोरांना शाहजहान आणि औरंगजेब यांतला बाप कोण तेच अजून कळलेलं नाही.

सध्या मात्र मला एका जर्मन सरदारानं हैराण केलं आहे. हसू नकोस. पुण्यात एक कोशमंडळ निघालं आहे. नवं राज्य झालं, आता जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायचं असा त्यांचा बेत. आमचे हेडमास्तर माणिकराव, त्यांचे साडू तिथे आहेत. त्यांना कळलं की वरवट बकालला एक मास्तर जर्मन जाणतो. लढाईत कैदी होतो तिथे शिकलो, एवढीच माझी पदवी, पण वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. त्यांनी पाच नोंदी पाठवल्या, त्या मी करून दिल्या. सहावी मीच सुचवली आणि आता पस्तावतो आहे.

'वेरिंगार, काउंट. नववे शतक.' काउंट म्हणजे राजानं नेमलेला परगण्याचा अधिकारी, आपला देशमुख समज. संपादकांनी लिहिलं, 'हा कोण? आम्ही ऐकलेला नाही. फार तर बारा ओळी द्या.' त्यांनीच काय, जर्मनीतही कोणी ऐकलेला नाही. मी कैदी असताना ज्या मठाच्या भाजीच्या वाफ्यांत काम करत होतो, तिथल्या जुन्या वह्यांत हा माणूस आहे. तिथला पुस्तकं सांभाळणारा म्हातारा साधू, त्याला मी मनात बुवा म्हणायचो, त्यानं मला याच्याच गोष्टीवरून जर्मन शिकवलं.

याच्या आयुष्याचे कागद म्हणून चारच. पहिल्यात कोणी तरी मठाला कुरण दिलं आहे, आणि साक्षीदारांत तिसरं नाव, काउंट वेरिंगार. दुसऱ्यात राजा पूर्वेकडच्या टोळ्यांवर स्वारीला निघाला, त्याच्याबरोबर हाही गेला. जाताना परगणा धाकट्या भावाच्या हाती दिला. तिसरा कागद म्हणजे मठाची मेलेल्यांची वही. तारखेवार नावं लिहिलेली असतात, त्या त्या दिवशी नाव मोठ्यानं वाचून प्रार्थना करायची, आपल्या तिथीसारखं. त्यात आहे, 'वेरिंगार, काउंट, शत्रूंनी मारला.' त्याची बायको इम्मा. तिनं त्याच्या आत्म्यासाठी मठाला एक पाणचक्की दिली आणि स्वतः जोगीण झाली.

इथवर सगळं सरळ आहे. चौथा कागद सात वर्षांनंतरचा. त्यात काउंट म्हणून धाकट्या भावाचं नाव आहे, आणि साक्षीदारांच्या अगदी तळाशी, 'वेरिंगार'. काउंट नाही, नुसता वेरिंगार. आणि त्यानं लिहून दिलं आहे की, त्या पाणचक्कीवर माझा काही हक्क असलाच तर तो मी सोडला.

पंडित म्हणतात, हे दोन वेगळे वेरिंगार. मेलेला माणूस साक्ष कशी घालील? बुवा म्हणायचा, एकच. दुसऱ्याच्या आत्म्यासाठी दिलेल्या चक्कीवरचा हक्क तिसरा माणूस कशाला सोडेल? मेल्याची बातमी खोटी होती, हा जिवंत परत आला, असं त्याचं म्हणणं. पण मग सात वर्षं हा होता कुठे? मी सोमवारी 'एक' लिहितो, बुधवारी खोडून 'दोन' लिहितो. बारा ओळींत माणूस एक की दोन हे तरी ठरलं पाहिजे की नाही?

आता तुझी गोष्ट. नारायणराव म्हणाले, "पोरीचा बाप जित्ता हाये, तं चुलता काऊन कन्यादान करते?" यावर तू लिहितोस, 'दादा, त्यांचं बरोबर आहे. सिंधू तुझी आहे, तू ये आणि तूच बस.' शालिग्राम, कन्यादानाला एकटा माणूस बसत नाही. नवराबायको उपरण्याला पदराची गाठ मारून बसतात. म्हणजे सिंधूच्या आईला माझ्या शेजारी बसावं लागेल. एकोणीस वर्षं ती तुझी बायको आहे. मी तिचा भासरा. मी ओसरीवर आलो की ती डोक्यावर पदर ओढून आत जाते. तिला चारशे माणसांत माझ्याशी गाठ मारून बसवणार?

मला काही सुचत नाही. लढाईत टपाल हरवतं, सरकारी याद्यांत नावं चुकतात, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार? ते टपाल पोहोचलं असतं तर आज हा प्रश्नच आला नसता. नोंद संपली की डोकं थोडं मोकळं होईल, मग कळवतो.

सिंधूला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा
इंद्रभान


वरवट बकाल,
ता. १५ मार्च १९६४

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. 'दादा, जर्मनीचं राहू दे. येतोस की नाही ते लिही.' एवढंच! मी चार पानं लिहिली आणि तू एका ओळीत गुंडाळलंस. वांग्यांचंही काही लिहिलं नाहीस.

राहू दे म्हणतोस, पण ते राहत नाही. काल आठवीच्या वर्गात फळ्यावर पानिपत लिहायचं तर वेरिंगार लिहून बसलो. एका पोरानं विचारलं, "सर, हा कोनाकडून लढला?" मी म्हटलं, "तेच शोधून राह्यलो बे." वर्ग हसला. मीही हसलो, पण घंटा होईपर्यंत पुढचं काही आठवेना.

मी त्याच्या परत येण्याचा विचार करत बसतो. तो घोड्यावर आला असेल की पायी? परगण्याच्या वेशीवर पहिल्यांदा त्याला कोणी ओळखलं? मठात गेला असेल तेव्हा साधूंची काय तारांबळ उडाली असेल! ज्याच्यासाठी दर वर्षी प्रार्थना म्हणतो तोच दारात. आणि गंमत ऐक, त्याचं नाव त्यांनी वहीतून खोडलं नाही. मी ते पान पाहिलं आहे. हजार वर्षं त्या तारखेला ते नाव वाचत आले आहेत. आपली माय नाही का, मी परत आल्यावरही मरेपर्यंत सर्वपित्रीला माझ्या नावाचं पान वाढायची? मी म्हणायचो, "माय, मी इथं बसून जेवून राह्यलो, अन् तिकडं कोनाले वाढतं?" तर म्हणायची, "एकदा मांडलेलं पान मोडू नाही बाबू. तो बी माह्याच होता."

तो बी माझाच होता. मायच्या हिशेबीसुद्धा मी दोन होतो.

तुला ते पाळण्याचं आठवतं का? पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर मी जानेफळला उतरलो तेव्हा लोक रस्त्यातून बाजूला झाले होते. घरी कळलं की सरकारी यादीत मेलेल्यांत नाव आलं म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून मला मेहकरला पैनगंगेवर जाळलं, तेरावंही झालं. आणि चैत्रात पंचांनी तुझा पाट लावून दिला, लेकरू आणि तरुण विधवा उघड्यावर पडू नये म्हणून. भटजी म्हणाले, मेलेला माणूस घरात घेता येत नाही, आधी त्याला जन्माला घाला. मग मला तूप चोळलं, दूध पाजलं, नंदाआत्याचा तो मोठा लाकडी पाळणा आणला आणि मला त्यात बसवलं. सत्तावीस वर्षांचा घोडा, दोन्ही पाय बाहेर! मायनं दोरी ओढली. बायांनी पाळणा म्हटला. तो म्हणता म्हणता कोणाला हसू आवरेना, कोणाला रडू. आत्यानं कानात माझंच नाव पुन्हा सांगितलं. तू ओसरीच्या खांबाशी मान खाली घालून बसला होतास. सिंधू साडेतीन वर्षांची, ती सगळ्यांना विचारत होती, "हे एवढं मोठं बाळ कोनाचं?"

मग भटजी म्हणाले, आता याचं लग्न त्याच बाईशी पुन्हा लावा, पाट मोडतो म्हणून पंच सांगतील. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला दिवस गेले होते, तुझे, हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. आणि मी पाळण्यात बसल्या बसल्या म्हणालो, "आजच जन्मलो बुवा, येवढ्यातच लगन कायचं लावता?"

सगळे हसले. इतके हसले की तो निर्णयच होऊन गेला. महिन्याभरात मी इकडे खाऱ्या पाण्यात आलो. जानेफळला त्याला त्याग म्हणतात. भाऊ असावा तर इंद्रभानसारखा, असं भांडणाऱ्या भावांना ऐकवतात म्हणे. तू दर दिवाळीला पायावर डोकं ठेवतोस ते वर उचलत नाहीस. मी आशीर्वाद देतो.

तर येण्याचं. एकदा वाटतं, यावं आणि बसावं. एक तासाचा तर प्रश्न आहे, पोरीचं भलं होईल. एकदा वाटतं, तो तास कोणालाच सोसणार नाही. सिंधूची आई काय म्हणते ते तू दोन्ही पत्रांत लिहिलेलं नाहीस. तिला विचारलंस का? की आपण दोघं भाऊच ठरवतो आहोत, मागच्यासारखं?

कार्डाच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस की मुलाचे चुलते अर्जुनराव हेही जर्मनीत कैदेत होते, सुपारीच्या दिवशी त्यांनी माझी आठवण काढली. अर्जुनराव कोण ते मला नीट आठवत नाही. कॅम्पात शेकडो माणसं होती. इतक्या वर्षांनी लोक काहीही सांगतात, एकाचं दुसऱ्याच्या नावावर घालतात. मनावर घेऊ नकोस.

आणखी काय बोलले ते मात्र कळव. सहज विचारतो.

सर्वांना आशीर्वाद.

इंद्रभान


वरवट बकाल,
ता. ९ एप्रिल १९६४

चि. शालिग्राम यास,

या वेळी पत्र सिंधूच्या अक्षरात आलं. वाटलं, लग्नाची गडबड, तुला वेळ नसेल म्हणून पोरीला लिहायला बसवलं. उघडलं तर खाली लिहिलं होतं, 'आई सांगते ते जसंच्या तसं लिहिते आहे.' एकोणीस वर्षांत तिनं मला काही सांगितल्याचं हे पहिलंच. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालं:

"मोठ्या बाबाइले लिव्ह. अर्जुनभाऊजी म्हनतात, 'कॅम्पात दर महिन्याले घरी धाडाले कारड भेटे. इंद्रभान आपलं कारड मले देऊन टाके, म्हनून माह्या घरी दोन-दोन कारडं येत.' तं त्याइले एकच इचार. माह्या नावाचं एक कारड काऊन नाई धाडलं? कन्यादान कोनी बी करा, मले त्याचं काही म्हननं नाई."

अर्जुनराव मला आठवतात. पहिल्या दिवसापासून आठवतात. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. टपाल हरवलं हेही खोटं. टपाल हरवलं नव्हतं, मी ते टाकलंच नव्हतं.

हे पत्र तू वाचू नकोस, सिंधूला मोठ्यानं वाचायला सांग, सगळ्यांसमोर. नेहमी तीच वाचते ना? सिंधू, बाळ, मधे थांबू नकोस.

आफ्रिकेत तोब्रुकला पकडलो गेलो, मग इटलीत नेलं. तिथे पहिलं कार्ड मिळालं. त्यावर सगळं छापलेलंच होतं: 'मी खुशाल आहे, कैदेत आहे.' खाली नुसतं नाव आणि पत्ता घालायचा. पोरं कार्डं छातीशी धरून रडत होती. मी ते खिशात ठेवलं आणि म्हटलं, उद्या लिहू.

काऊन, असं विचारलंस जनका. हे नाव मी इतक्या वर्षांनी लिहितो आहे. कारण सापडत नाही असं म्हणून मी सुटू शकेन, पण थोडंसं सापडतं. घरात मी थोरला. उठल्यापासून हाका. इंद्रभान, बैल सोड. इंद्रभान, पाणी धर. इंद्रभान, शालिग्रामची फी भर. बाबांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. बोटीवर चढायच्या आधीच्या रजेत आलो तेव्हा तू म्हणालीस, "पाचवा लागला. आता तरी घरी राहा." मी हो म्हटलं आणि चौथ्या दिवशी गेलो. आणि त्या कॅम्पात मला नाव नव्हतं, नंबर होता. कोणी हाक मारत नव्हतं. उपाशी होतो, थंडीनं बोटं सुजली होती, आणि मला हलकं वाटत होतं. कार्डावर सही केली की पुन्हा मी इंद्रभान होणार होतो. म्हणून उद्यावर टाकलं.

दुसऱ्या महिन्यात वाटलं, पहिलं का नाही धाडलं म्हणून विचारतील. तिसऱ्या महिन्यात अर्जुनराव आले. त्यांची चार लेकरं, बायको आजारी, एक कार्ड पुरत नव्हतं. म्हणाले, "तुह्यं पडूनच राह्यते, मले दे." दिलं. मग देतच गेलो. जर्मनीत मठाच्या वाफ्यांत लावल्यावर तर फार बरं चाललं. कोबीच्या ओळी, धुकं, बोलायला एक म्हातारा. मी तिथे सुखात होतो. एका संध्याकाळी बुवानं विचारलं, "घरी कोण आहे?" मी सांगितलं, "कोणी नाही." त्या वेळी सिंधू दीड वर्षाची असेल. मी तिचं नावही ऐकलं नव्हतं, पण ती आहे हे मला ठाऊक होतं.

कोणी नाही म्हटल्यावरच त्यानं मला आत नेऊन वही उघडून वेरिंगार दाखवला. सात वर्षं हा कुठे असेल, त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, कैदेत असेल. दुसरंही काही सुचलं होतं, ते बोललो नाही.

मग सुटलो, आणि मला घरी यायचं होतं. खरंच यायचं होतं, यावर तुम्ही कोणी विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल. अंगणात वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी जाऊन काढावं, तसं तुम्ही सगळे ठेवल्या जागी असाल असं मला वाटत होतं. ज्यानं कार्ड लिहिलं नाही तो आणि ज्याला बोटीवर दिवस मोजता मोजता झोप येत नव्हती तो, हे दोघं एकच का, मला अजून समजत नाही. आज पंचेचाळीस वर्षांचा आहे. समजायला हवं होतं.

पाळण्यात बसून मी जे बोललो, तो त्याग नव्हता. माझ्या आळसानं, की भित्रेपणानं, की कशानं जे झालं होतं ते मला दारात उभं दिसत होतं, आणि मला पळायचं होतं. लोकांनी त्याला मोठं नाव दिलं. मी ते घेतलं. शालिग्राम, अठरा वर्षं तू माझ्या पायांवर डोकं ठेवून रडलास, थोरल्याची बायको नेली म्हणून स्वतःला खाल्लंस, आणि मी वरून आशीर्वाद दिले. एक शब्द बोललो असतो तर तू सुटला असतास. बोललो नाही, कारण ते मला गोड लागत होतं. कार्ड न टाकण्यापेक्षा हे वाईट आहे. ते तेवीस वर्षांच्या पोरानं केलं. हे मी दर दिवाळीला, डोकं ठिकाणावर असताना केलं.

कोशाची नोंद परवा पाठवून दिली. बारा ओळी. एकच होता, असं लिहिलं आहे. सात वर्षांबद्दल 'माहिती मिळत नाही' एवढंच घातलं. एवढी एक सवलत त्या बिचाऱ्याला असू दे.

आता लग्नाचं. कन्यादान तू आणि जनका करा. मी बसणार नाही. हे पत्र नारायणरावांना दाखव. झाकून ठेवू नकोस, अर्जुनरावांच्या तोंडून अर्धंमुर्धं कळण्यापेक्षा सगळं कळू दे. त्यांना सांग, बाप जिवंत आहे हे खरं, पण पोर पोटात असतानाच त्यानं आपल्या मनानं तिला सोडलं. ती तापली तेव्हा रात्र ज्यानं काढली, शाळेत ज्यानं घातलं, पहिल्या नोकरीला बुलढाण्याला पोचवायला जो गेला, त्यानंच ती द्यायची. कडक माणूस आहे म्हणतोस, तर त्याला हे पटेल. नाही पटलं आणि लग्न मोडलं तर तेही माझ्या नावावर लिहा, तुमच्या नाही.

सिंधू, तू मला मोठे बाबा म्हणतेस. तेच म्हण. त्याहून जास्त काही मी कमावलेलं नाही. तुला शाळेच्या दाखल्यावर माझं नाव लावावं लागलं याचं मात्र वाईट वाटतं.

जनका, तुला 'काऊन'चं उत्तर पाहिजे होतं. मला त्या वेळी यायचं नव्हतं. इतकंच आहे. तुझ्यात काही उणं होतं म्हणून नव्हे. तुला इतकी वर्षं तसं वाटलं असेल, हे मला तुझं पत्र येईपर्यंत सुचलंसुद्धा नाही. मी लग्नाला यायचं की नाही ते तू ठरव. नको म्हणालीस तर त्या दिवशी मी इथे शाळेचे पेपर तपासत बसेन आणि कोणाला दोष देणार नाही. ये म्हणालीस तर मांडवात मागे उभा राहीन, पंगतीत पाणी वाढेन.

आणि शालिग्राम, तू माझं काहीही घेतलेलं नाहीस. मी टाकून दिलेलं तू उचललंस आणि सांभाळलंस. या दिवाळीपासून माझ्या पाया पडायचं नाही.

थोरल्यानं धाकट्याला पत्रात आशीर्वादच लिहावा अशी रीत आहे. आज तो लिहायला माझ्याजवळ काही उरलं नाही. म्हणून रीत मोडतो. तुला आणि जनकाला दोन्ही हात जोडून

नमस्कार.

इंद्रभान